व्हीगन पाहुणा महिनाभर राहायला येणार असेल तर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

येणारा पाहुणा व्हीगन आहे (म्हणजे मांस, मासे, अंडी, दूधदुभतं असं प्राण्यांपासून मिळणारं काहीच न खाणारा आणि शक्यतो न वापरणारा), मुक्काम महिनाभराचा आहे, तर रोज करायचं तरी काय, असं तू विचारलंस. मुक्काम दोन दिवसांचा असता, तर चार पाककृती लिहून धाडल्या असत्या आणि भागलं असतं. महिनाभरासाठी पाककृतींपेक्षा घडी बसवावी लागते. वेगळं ताट रांधायचा उत्साह चौथ्या-पाचव्या दिवशी ओसरतो. मग रांधणारा वैतागतो आणि पाहुण्याला आपण जड झालोय असं वाटू लागतं. म्हणून दोन गोष्टी कर. घरचाच स्वयंपाक असा फिरव की त्यातला मोठा वाटा सगळ्यांना चालेल. आणि न्याहारी, चहा-कॉफी, मधली भूक हे पाहुण्याच्या हाती देऊन टाक.

तो यायच्या आठवडाभर आधी फोन कर. "तुम्हाला काय चालतं?" असं मोघम विचारलंस तर "काहीही चालेल, माझी काळजी नको" असं मोघम उत्तर येईल, आणि ते कुणाच्याच उपयोगाचं नाही. नेमकं विचार. सकाळी उठल्यावर पहिलं काय पिता? मध चालतो का? (बहुतेक व्हीगन खात नाहीत, थोडे खातात.) ज्या तव्यावर अंडं केलं तोच धुऊन वापरला तर चालेल का, की वेगळा हवा? सोया, शेंगदाणे, काजू-बदाम, गहू यांतलं काही बाधतं का? लोकरीचं पांघरूण, पिसांची उशी खोलीत असलेली चालेल का? हा शेवटचा प्रश्न बहुतेक यजमानांच्या डोक्यातच येत नाही, कारण सगळं लक्ष ताटावर असतं.

दुधाची किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असणं आणि ते तत्त्व म्हणून न खाणं यांत गल्लत करू नकोस. पाकिटावरची "दुधाचा अंश असू शकतो" ही ओळ अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी असते, आणि पुष्कळ व्हीगन असं पाकीट खातात. उलट, पाकिटावर व्हीगन लिहिलंय म्हणून ते दुधाच्या अ‍ॅलर्जीवाल्याला सुरक्षित आहेच असं धरता येत नाही. पाहुण्याला दोन्ही असेल, तर भांडी, पळ्या, फडकी सगळंच वेगळं ठेवावं लागेल. तसं असेल तर ते आधीच कळलेलं बरं.

आता दुकानातली खरेदी. दूध, दही, लोणी, तूप, अंडी, मांस, मासे हे कुणालाही कळतं. फसवणारं सगळं बारीक अक्षरात असतं. केसीन, केसिनेट, व्हे, लॅक्टोज यांपैकी काहीही दिसलं की ते दुधातलं. अल्ब्युमिन बहुतेक वेळा अंड्याचं. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांचं, आणि ते गोळ्या, जेली, औषधांच्या कॅप्सूल यांत असतं. काही घटक नुसत्या ई-क्रमांकाने लिहिलेले असतात: ई १२० हा किड्यांपासून काढलेला लाल रंग, ई ९०१ मधमाश्यांचं मेण, ई ९०४ लाखेची चकाकी. ई ४७१ मात्र वनस्पती तेलापासूनही बनतं आणि जनावराच्या चरबीपासूनही. पाकीट वाचून ते कळत नाही, म्हणून असा माल घ्यायचा की नाही ते पाहुण्यावर सोड. "लॅक्टोजमुक्त" दूध हे जनावराचंच दूध असतं, फक्त त्यातली साखर फोडलेली असते. कॉफीत घालायच्या "नॉन-डेअरी" भुकटीत सोडियम केसिनेट सापडतं. पावात दुधाची भुकटी आणि वर चकाकीसाठी अंड्याचा हात असू शकतो. ताज्या पास्त्यात बहुधा अंडं असतं, वाळवलेल्यात बहुधा नसतं. काही डार्क चॉकलेटांत दुधाची चरबी घातलेली असते, वूस्टरशायर सॉसमध्ये पारंपरिक कृतीनुसार मासे असतात, आणि भाजीच्या स्टॉकच्या वड्यांतही कधी कधी लॅक्टोज निघतं. एकदा तपासलेलं पाकीट कायमचं तपासलं असं समजू नकोस. कंपन्या घटक बदलत राहतात.

फ्रीजचा एक कप्पा आणि कपाटाची एक फळी पाहुण्याला पूर्ण मोकळी करून दे, आणि पहिल्याच दिवशी सोबत उभं राहून दाखव. त्यात सोया किंवा ओटचं दूध, ओट्स, पाव, शेंगदाण्याचं लोणी, फळं, मूठभर सुका मेवा आणि रात्री उशिरा भूक लागली तर न शिजवता खाता येईल असं काहीतरी ठेव. पावाला लावायचं जे असेल त्याची बरणी वेगळी हवी. सामायिक बरणीत घरच्या कुणाची तरी लोण्याने माखलेली सुरी जातेच, आणि पाहुणा ते बघून गप्प बसतो. तेल, मीठ, गॅस, मिक्सर कुठे आणि कसे, हेही दाखवून ठेव. महिनाभर राहणाऱ्या माणसाला दर कपासाठी कुणाची तरी परवानगी मागावी लागणं फार अवघड जातं.

दुधाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण पहिली फजिती सकाळच्या कॉफीतच होते. सोया दूध कडक, गरम कॉफीत ओतलं की त्याचे कण होऊन ते फाटतं. कॉफी आंबट असते, त्यात उष्णता, आणि दोन्हींनी सोयातली प्रथिनं गोळा होतात. यावर उपाय असा की दूध आधी कोमट करून कपात घ्यायचं आणि कॉफी एखाद मिनिट निवल्यावर त्यावर बारीक धारेनं ओतायची. "बरिस्ता" लिहिलेल्या पाकिटात आम्लता आवरणारे क्षार घातलेले असतात, ते सहसा फाटत नाही. ओटचं दूध कमी फाटतं, पण घरी केलेलं तापवलं की बुळबुळीत होतं, म्हणून ते विकतचंच घे. पाकीट दर वेळी हलवून ओत, कारण वरून मिसळलेलं कॅल्शियम तळाशी बसतं. प्रथिनांसाठी मोजायचं तर सोयाच्या एका कपात साधारण ७ ग्रॅम मिळतात, बदामाच्यात जेमतेम १ ग्रॅम. बिनसाखरेचं घेतलंस तर तेच स्वयंपाकातही चालतं. गोडसर, व्हॅनिलाचं दूध चुकून सूपमध्ये पडलं तर ते सूप कुणी खाणार नाही.

सामायिक स्वयंपाकाचा नियम सोपा आहे: भांड्यात सगळं वनस्पतीजन्य, आणि दूधदुभतं, अंडं, मांस हे ताटात. फोडणी, परतणं तेलात कर; ज्याला लोणी किंवा चीज हवं तो आपल्या वाढपात वरून घेईल. ज्या रश्शात शेवटी साय पडणार, त्यातला पाहुण्याचा भाग साय घालण्याआधी काढून ठेव. दोन भांडी, दोन पळ्या. पळीची अदलाबदल होऊ नये म्हणून एक लाकडी आणि एक स्टीलची घेतलीस तर गर्दीच्या वेळी विचार करावा लागत नाही.

सगळ्यात मोठी चूक होते ती नुसतं वगळण्याची. चीज काढलं, अंडं काढलं आणि उरलेलं पानं-भाज्या-भात पुढे ठेवलं. पोट भरल्यासारखं वाटतं आणि दोन तासांत पुन्हा भूक लागते, कारण जे काढलं त्यात प्रथिनंही होती, चरबीही होती आणि चवही होती. तिन्हींची भरपाई करावी लागते. साधारण निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. जेवणात माणशी ७० ग्रॅम कोरडे मसूर शिजवलेस तर साधारण १७ ग्रॅम होतात, १५० ग्रॅम घट्ट टोफूत २० च्या आसपास. दोन जेवणांत एवढं आणि न्याहारीला ओट्स व सोया दूध असलं की हिशेब जुळतो. चरबीसाठी तेल, तीळ, दाणे, काजू. चवीसाठी सोया सॉस, आटवलेला टोमॅटो, तपकिरी होईस्तोवर परतलेले मशरूम, आणि शेवटी लिंबू. लिंबाने कडधान्यातलं लोहही अंगी जास्त लागतं. जेवणाबरोबरच्या चहा-कॉफीने ते कमी लागतं.

कडधान्य दर दोन-तीन दिवसांनी एकदम शिजव. एक वाटी कोरड्याचे अडीच-तीन वाट्या होतात. ८ ते १२ तास भिजव, ते पाणी ओतून टाक, नव्या पाण्यात शिजव. टोमॅटो, चिंच, लिंबू मऊ झाल्यावरच घाल. आधी घातलंस तर सालं कडकच राहतात. तास-दीड तास होऊनही दाणा दबत नसेल तर माल जुना आहे किंवा पाणी जड आहे. चिमूटभर खाण्याचा सोडा घालून बघ, जास्त घातलास तर साबणासारखी चव येते. राजम्याच्या बाबतीत मात्र हयगय नको. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन पोटात गेलं तर काही तासांत उलट्या सुरू होतात, आणि मंद आचेच्या विजेच्या भांड्यात ते नष्ट होण्याइतकी उष्णता मिळत नाही. भिजवलेला राजमा आधी निदान १० मिनिटं खळखळून उकळ, मग हवा तसा शिजव. शिजलेलं कडधान्य फ्रीजमध्ये ३-४ दिवस टिकतं, बाकीचं एकेका जेवणापुरतं वेगळं करून फ्रीजरमध्ये टाक. उरलेला भात मात्र तासाभरात पसरून गार करून फ्रीजमध्ये ठेव आणि दुसऱ्या दिवशी संपव.

टोफू आवडत नाही असं म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा तो ओलाच खाल्लेला असतो. घट्ट टोफू स्वच्छ फडक्यात गुंडाळून वर जड भांडं ठेव, २० मिनिटांत फडकं चिंब होतं. मग चौकोनी तुकडे कर, मीठ आणि मोठा चमचाभर कॉर्नफ्लोअर चोळ, गरम तेलात एका थरात मांड आणि हलवू नकोस. खालची बाजू सोनेरी झाली की तुकडा आपणहून तव्यावरून सुटतो. आधी उचकटलास तर पापुद्रा तव्याला चिकटून राहतो. सॉस सगळ्यात शेवटी, नाहीतर तो करपतो. उघडलेला टोफू पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेव आणि पाणी रोज बदल.

सायीच्या जागी काजू चालतात: १ वाटी काजू गरम पाण्यात अर्धा तास भिजवून पाऊण वाटी पाण्याबरोबर गुळगुळीत वाटायचे. हे तापल्यावर घट्ट होतं आणि तळाला लागतं, म्हणून आच मंद करून अखेरीस घाल. केक करायचा झाला तर एका अंड्याऐवजी १ मोठा चमचा जवसाची पूड ३ मोठे चमचे पाण्यात १० मिनिटं भिजवून घाल. एक-दोन अंड्यांच्या केकला हे जमतं. ज्या केकचा सगळा फुगवटाच अंड्यावर आहे, त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

विकतचे नकली मांसाचे, नकली चीजचे प्रकार अधूनमधून ठीक, पण रोज नकोत. महाग पडतात, खारट असतात, आणि पाहुण्याला ते आवडतातच असंही नाही. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतीजन्य आहारातून भरवशाने मिळत नाही. जुने व्हीगन त्याची गोळी घेतात किंवा ते मिसळलेलं वनस्पतीजन्य दूध पितात. गोळ्या आणल्यात का एवढं एकदा विचार आणि तो विषय तिथेच सोड.

कधीतरी चूक होईलच. भाजीत चुकून लोणी पडलं तर वाढण्याआधी सांग, आणि जेवण झाल्यावर लक्षात आलं तरी सांग. लपवलेली गोष्ट नंतर कळली तर उरलेला महिना पाहुणा प्रत्येक घास संशयाने खाईल. घरच्यांनाही एक बजावून ठेव: "मग तुम्ही खाता तरी काय?" हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर नको. त्याचं उत्तर समोर ताटातच असतं.

आठवड्यातून एखादा दिवस स्वयंपाकघर पाहुण्याला दे. त्याला आपल्या पद्धतीचं खायला मिळतं, तुला सुट्टी मिळते, आणि त्याला किती मीठ, किती तिखट, किती भूक हे न विचारता समजतं. व्हीगन जेवणात पाणी आणि तंतू जास्त, म्हणून ताटातलं प्रमाणही बहुधा मोठं असतं. तो स्वतःसाठी किती वाढून घेतो ते बघ आणि तुझं माप तेवढं कर. त्याने सामानाचा खर्च उचलायची तयारी दाखवली तर संकोचाने नाही म्हणू नकोस. त्याच्या फळीवरचं सामान त्यानेच आणावं, जेवणाचं घराने, अशी वाटणी बहुतेकांना सोयीची पडते.

शेवटच्या आठवड्यात दुधाची नवी पाकिटं फोडू नकोस, उघडलेलं सात-आठ दिवसांच्या पुढे टिकत नाही. परतीच्या प्रवासासाठी डबा द्यायचा तर कोरडा दे, भाजलेले काबुली चणे, पाव, फळं. प्रवासात व्हीगन माणसाला वेळेवर काही मिळेलच याचा भरवसा नसतो.

कळावे. लोभ असावा.