पद्मिनीच्या काचांची रबरं आणि मोडायला काढलेली एफडी

बडोद्याच्या रावपुऱ्यातून एका काकांचा प्रश्न आलाय. वडिलांची 1981 ची प्रीमियर पद्मिनी आहे, चारही दरवाज्यांच्या काचांची रबरं कडक होऊन तडकलीत, काच वर-खाली करताना खडखडते आणि पावसात पुढच्या सीटखालचं मॅटिंग भिजतं. गॅरेजवाल्याने रबरं, फेल्टचे चॅनल (काच ज्यात सरकते त्या पट्ट्या) आणि मजुरी धरून 24,000 सांगितले, वर "रंगपण करून टाका, गाडीची किंमत वाढेल" म्हणत 90,000 चं अजून एक एस्टिमेट हातात दिलं. काका रिटायर्ड आहेत, दोन लाखांची एफडी दीड वर्षापूर्वी केलीय, ती मोडू का असं विचारतायत.

काका, एफडी मोडू नका. रंगाचं एस्टिमेट घडी करून कपाटात टाका. रबरं बदला, पण सगळी एकदम नको आणि उद्याच्या उद्या तर नकोच.

आधी ते "किंमत वाढेल" प्रकरण. जुनी गाडी घ्यायला येणारा माणूस खाली वाकून पत्रा बघतो, कागद बघतो, इंजिनचा आवाज ऐकतो, काचेच्या रबराचे वेगळे वीस हजार मोजणारा मला तरी अजून भेटलेला नाही. स्वतःच्या वापराची गाडी इन्कम टॅक्सच्या हिशेबात भांडवली मालमत्ता नसते, म्हणजे विकून फायदा झाला तर टॅक्स नाही हे छान, पण तोटा कशातून वजा होत नाही आणि ही बिलं जपून ठेवली तरी टॅक्ससाठी काही कामाची नाहीत. विंटेज म्हणाल तर 2021 च्या नियमात गाडी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांच्या वरची लागते, तुमची 2031 नंतर. त्याआधी आरसी कधी संपतेय ते बघा, कारण 20 वर्षांवरच्या कारची रिन्युअल फी ऑगस्ट 2025 पासून 10,000 झालीय, आणि तो खर्च रंगासारखा पुढे ढकलता येत नाही. इन्शुरन्सवाल्याकडेही जाऊ नका, झिजलेलं रबर त्यात बसत नाही, अपघाताच्या क्लेममध्येसुद्धा रबराच्या पार्टला 50 टक्के घसारा लावतात.

मग रबरावर खर्च का करायचा? पत्र्यासाठी. रबर गेलं की पाणी आणि माती दरवाज्याच्या पोटात जास्त जाते, खालची निचऱ्याची भोकं तुंबतात आणि दरवाजा तळातून सडायला लागतो. पत्रा कापून नवा वेल्ड करण्याचं काम निघालं की 24,000 स्वस्त वाटतील. त्यात ऑगस्ट 2024 च्या विश्वामित्रीच्या पुरात तुमची गाडी पाण्यात उभी होती असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे आत काय चाललंय ते उघडल्याशिवाय कळणार नाही.

तर आधी हे करा. तुम्ही टॉर्च घेऊन गाडीत बसा आणि घरातल्या कोणाला तरी बाहेरून पाइपने हळू पाणी सोडायला सांगा, खालून सुरुवात करून हळूहळू वर (काकूंना सांगणार असाल तर आधी चहा तुम्ही करा). पाणी पुढच्या मोठ्या काचेच्या कडेने येत असेल तर दरवाज्याची सगळी रबरं बदलूनही मॅटिंग भिजणारच. मग आतला पॅनल काढून बघा. काचेलगत थोडं पाणी दरवाज्यात उतरतंच, ते खालच्या भोकांतून बाहेर जायला हवं, आणि पॅनलमागे प्लास्टिकचा कागद असतो तो ते आत येऊ देत नाही. मेकॅनिक काच दुरुस्त करताना हाच कागद फाडतात आणि परत लावतच नाहीत. माझ्या मामांच्या गाडीत एक्झॅक्टली हेच झालेलं, त्यांनी दोनदा रबरं बदलली आणि शेवटी जाड पॉलिथिनच्या तुकड्याने काम झालं, खर्च शेवउसळीच्या दोन प्लेटांएवढा.

पत्रा सडलेला निघाला तर आधी पत्र्याचं काम, नंतर रबर. ठीक असेल तर पुढच्या दोन दरवाज्यांपासून सुरू करा, त्याच काचा रोज वर-खाली होतात. मागच्यांची रबरं पुढच्या वर्षी. साधारण निम्म्या पैशात काम होईल असं धरा, मात्र एस्टिमेट दरवाज्यागणिक लिहून मागा, माल वेगळा आणि मजुरी वेगळी. बिलावर जीएसटी 18 टक्केच आहे ना तेही बघा, 22 सप्टेंबर 2025 च्या आधी बऱ्याच पार्टवर 28 होता आणि काही एस्टिमेट अजून जुन्याच हिशेबाने फिरतायत.

माल घेताना "ओरिजिनल कंपनी पॅकिंग, कधी उघडलंच नाही" याला जास्त पैसे देऊ नका. रबर पाकिटातही म्हातारं होतं. पट्टी नखाजवळ दुमडून बघा, बारीक रेघा दिसल्या तर परत द्या. नवीन बनवलेली ईपीडीएमची (एक प्रकारचं कृत्रिम रबर) पट्टी घ्या, उन्हाला तीच टिकते, आणि आपल्या बडोद्याच्या मे महिन्याबद्दल तुम्हाला मी काय सांगू. सोबत जुन्या पट्टीचा वीतभर तुकडा न्या, फोटोवरून कोणी प्रोफाइल, म्हणजे पट्टीचा आडवा आकार, जुळवत नाही.

आता पैसे. दोन लाखांची एफडी दीड वर्षाने मोडलीत आणि बँकेने व्याजदरातून एक टक्का कापला तर साधारण 3,000 गेले, तेही 12,000 च्या कामासाठी, वर उरलेले पैसे सेव्हिंगमध्ये पडले की खर्च होतात ते वेगळंच. पेन्शनमधून महिन्याला 3,000 बाजूला काढा, चार महिन्यांत जमतील. पाऊस तोंडावर असेल आणि थांबायचं नसेल तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट (एफडी तारण ठेवून उचल) घ्या, व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतं, म्हणजे 12,000 वर सहा महिन्यांचे समजा 9 टक्क्यांनी 540 रुपये, आणि एफडी जागच्या जागी.

पॅनल उघडल्यावर दरवाज्याच्या तळाचा फोटो काढून पाठवा, भोकं दिसतील असा. पत्र्याचं काम निघालं तर हे सगळे आकडे परत मांडावे लागतील.