द्यायला नको, मागायला जा

बाय,

तुझी चिठ्ठी मिळाली. पोरींनी वृद्धाश्रमात फुगडी घातली, केळी वाटली, फोटो काढले, आणि पहिल्या रांगेतली आजी मध्येच उठून गेली. पुढच्या वेळी ऑर्केस्ट्रा आणू का, विचारतेस.

नको गं! जिने उभी हयात फुगडी घातली, तिच्यासमोर स्पीकरवरची फुगडी? तिला पुढची ओवी तरी विचारायची होतीस. १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी, द्यायला येणाऱ्यांची रीघ लागतेच. आश्रम प्रोव्हेदोरियाचा, म्हणजे गोवा सरकारच्या संस्थेचा, असो वा सिस्टरांचा, तू मागायला जा.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आलीच. गणपतीच्या डोक्यावर बांधतात त्या माटोळीचं सामान ने, माट्टी, कांगलां, रानातलं जे मिळेल ते, आणि 'हे बांधायचं कसं?' म्हणून विचार. सुतळी पुढे केलीस की कुणीतरी खेकसेलच, केवणीच्या सालीचा दोर कुठाय? मग पोरांना दोर आणायला पिटाळ. माटोळीतल्या कवंडळाच्या फळाला मात्र जप, ते विषारी. विसराळू माणसाच्या हाताशी ठेवू नकोस. नाताळाआधी कुलकुलांचं, त्या नाताळातल्या गोड खाऊचं, पीठ मळून ने. जेवणाच्या काट्याच्या पाठीवर ती कशी वळायची, हे आश्रमातल्यांनाच पोरांना दाखवू दे. नेवरीची, म्हणजे करंजीची, कड मुरडायला चवथवालीला येते तशी नाताळवालीलाही येते. कुणाची मुरड बारीक, यावरून वाद लागला तर सोडवायला धावू नकोस. हात थरथरतात, पीठ सांडतं, अशी तक्रार येईल. सांडू दे.

स्मृतिभ्रंश झालेल्यांना 'मला ओळखलंत?' असं कधीही विचारायचं नाही. ती परीक्षा झाली. हातात काम दे. सकाळी जा, तिन्हीसांजेला पुष्कळांचा गोंधळ वाढतो. लाऊडस्पीकर घरी ठेव, श्रवणयंत्रात त्याचा नुसता कलकलाट होतो.

कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात ना तुम्हाला? मग पन्नास जणांची बस एकदाच कशाला? सहाच पोरं ने, पण तीच पोरं, तोच वार. नेदरलँड्समधल्या देव्हेंटरला एका वृद्धाश्रमात विद्यार्थी बिनभाड्याने राहतात आणि महिन्याला ३० तास शेजारधर्म पाळतात. तेवढं आपल्याकडे होईल तेव्हा होवो. दर गुरुवारी जाऊन काहीतरी मागणं तर जमेल?

एका आश्रमाच्या व्यवस्थापकांनी मला सांगितलं होतं, 'आमची माणसं दमतात.' मी म्हटलं, भिंतीकडे बघत बसूनही दमतातच की. त्यानंतर आम्हाला बोलावणं आलं नाही. सोबतचे अजून ऐकवतात, जरा गोड बोलला असतात तर पोरं जात राहिली असती. राहिली असतीही. तिथे एक आजोबा पोरांना घुमट, ते मातीचं चामडं ताणलेलं वाद्य, वाजवायला शिकवत होते, ते अर्धवट राहिलं, ही हळहळ जात नाही. पण मी बोललो त्यात खोटं काय होतं? हात रिकामे ठेवून माणूस जपला जातो, असं कुणी म्हणालं तर मी आजही गप्प बसणार नाही.

तेव्हा परवानगी मागायला तू एकटीच जा. मी बरोबर आलो तर मिळायची नाही.