बायोइनऑर्गॅनिक केमिस्ट्रीत (सजीवांतल्या धातूंच्या रसायनशास्त्रात) संशोधक-प्राध्यापक व्हायचं तर वाट कशी असते?

कागदावर वाट सरळ आहे: एमएस्सी, पीएचडी, पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन), मग स्वतःची लॅब. खरी मेख आहे ती पीएचडी आणि पोस्टडॉक यांत काय बदलता, यात.

बहुतेक जण इनऑर्गॅनिकच्या दारातून येतात. लिगँड (धातूला धरून ठेवणारा रेणू) बनवायचा, त्यात लोह किंवा तांबं बसवायचं आणि एन्झाइमच्या सक्रिय जागेची नक्कल साधतेय का ते पाहायचं. लोह(II)ची अशी बरीच संयुगं ऑक्सिजन लागताच बिघडतात, म्हणून अर्धी पीएचडी ग्लोव्हबॉक्सच्या (ऑक्सिजन काढून टाकलेल्या बंद पेटीच्या) जाड हातमोज्यांत जाते. (त्या हातमोज्यांतून चिमूटभर पावडर तोलणं हीसुद्धा एक कलाच!)

पोस्टडॉकला मात्र मुद्दाम दुसऱ्या बाजूला जा: प्रथिन शुद्ध करणं, त्यात म्युटेशन घडवणं, ईपीआर आणि मॉसबाउअर (धातूच्या इलेक्ट्रॉनांची स्थिती कळण्यासाठीची दोन मापनतंत्रं). पुन्हा तेच लिगँड बनवत बसलात तर मुलाखतीत ‘तुमचं स्वतःचं काय?’ या प्रश्नावर गाडी अडते.

याच क्षेत्रातले अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ स्टीफन लिपर्ड यांचं उदाहरण बघा. १९६५ मध्ये एमआयटीतून पीएचडी, मग कोलंबिया विद्यापीठात अध्यापन, १९८३ मध्ये परत एमआयटी. सिसप्लॅटिन हे कर्करोगावरचं प्लॅटिनमयुक्त औषध डीएनएला कसं चिकटतं आणि जिवाणू मिथेनचं मिथेनॉल कसं करतात, हे दोन प्रश्न त्यांनी वर्षानुवर्षं सोडले नाहीत. पहिल्यात औषध, दुसऱ्यात उत्प्रेरण. अनुदानाच्या अर्जात अशी जोडी फार कामी येते, असं माझं मत.

गाइड निवडताना नावापेक्षा आधी हे विचारा: ईपीआर यंत्र लॅबच्या हाताशी आहे, की नमुने दुसरीकडे पाठवावे लागतात?