जुन्या टॉकीजमध्ये रहस्यकथांचे दोन दिवस

प्रश्न : परभणी जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी निजामी राजवटीत बांधलेली एक टॉकीज आहे. ती आता बंद असली, तरी मालकांनी एका शनिवार-रविवारसाठी आमच्या वाचनालयाला देऊ केली आहे. तेथे रहस्यकथांचे अभिवाचन, दोन जुने रहस्यपट आणि मानवत हत्याकांडावर एक सत्र, असा कार्यक्रम आखला आहे. त्यासाठी कोणत्या परवानग्या लागतील? शिवाय मानवतचा विषय घेऊच नये, असे काही सभासद म्हणतात. आपले मत काय?
— एका सार्वजनिक वाचनालयाचे कार्यवाह

उत्तर : आधी परवानग्यांविषयी. अभिवाचनाचे सोपे आहे. प्रकाशित पुस्तकातील वाजवी उतारा जाहीरपणे वाचण्यास कायद्याची आडकाठी नाही. मात्र संपूर्ण कथा तिकीट लावून सादर करायची असेल, तर कॉपीराइटच्या हक्कधारकाची लेखी संमती हवी. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतात. म्हणजे हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबुराव अर्नाळकरांचे (१९०६–१९९६) लेखन २०५६ अखेरपर्यंत संरक्षित आहे. १९३० मध्ये निधन पावलेल्या आर्थर कॉनन डॉयल यांच्या मूळ कथा खुल्या आहेत, पण त्यांच्या मराठी अनुवादावर अनुवादकाचा हक्क असू शकतो, हे अनेक संयोजकांच्या लक्षात येत नाही.

चित्रपटांचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षे राहतो. १९६० सालच्या चित्रपटाचा तो २०२० अखेर संपला. मात्र मूळ कथेचा हक्क त्यानंतरही शिल्लक असू शकतो, म्हणून निवड करताना पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे विचारणा करावी. टॉकीज बंद असल्याने तिचा परवाना चालू आहे की नाही, हे जिल्हाधिकारी कार्यालयात तपासून घ्यावे, आणि बाल्कनीत माणसे बसवण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याकडून तिची पाहणी करून घ्यावी. ऑपरेटरच्या केबिनमध्ये १९५०च्या आसपासची किंवा त्याआधीची रिळे सापडली, तर ती हौसेने लावून पाहू नयेत. त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेट घेते आणि एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही.

आता मानवत. हा विषय टाळावा असे मला वाटत नाही. पण तो रहस्यकथांच्या ओळीत बसवू नये, एवढ्यापुरती आपल्या सभासदांची हरकत योग्य आहे. १९७२ ते १९७४ या काळात, त्यातही दुष्काळाने होरपळलेल्या मुलखात, तेथे लहान मुली आणि स्त्रिया मारल्या गेल्या. गुप्तधन आणि संततीच्या लालसेने नरबळी दिल्याचा आरोप झाला, तपासासाठी मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांच्यासारखे पोलीस अधिकारी आले, आणि खालच्या न्यायालयात दोषी ठरलेल्यांपैकी काही जण पुढे वरिष्ठ न्यायालयात निर्दोष सुटले. रहस्यकथेत शेवटच्या पानावर खुनी सापडतो आणि वाचक निश्चिंत होतो. इथे निकाल लागूनही तशी निश्चिंती कोणाला लाभली नाही. ज्यांच्या घरातले माणूस गेले, त्यांचे नातेवाईक कदाचित आपल्या तालुक्यातच राहत असतील आणि त्या दिवशी खुर्च्यांवरही बसलेले असतील. म्हणून प्रेतांची छायाचित्रे, खुनांचे नाट्यीकरण आणि ‘खरा सूत्रधार कोण’ असले तर्ककुतर्क यांना पूर्ण फाटा द्यावा. निर्दोष सुटलेल्या व्यक्तीकडे व्यासपीठावरून बोट दाखवणे तर बदनामीच्या खटल्याला आमंत्रण आहे.

त्याऐवजी सत्र न्यायालयीन निकाल वाचलेल्या वकिलाकडे सोपवावे, आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने १९७२ नंतर नेमके काय बदलले, यावर अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्याला बोलवावे. हे सत्र रविवारी सकाळी, चित्रपट आणि करमणुकीच्या कार्यक्रमांपासून वेगळे ठेवावे आणि त्यासाठी तिकीट लावू नये. मृतांची नावे घ्यायचीच असतील, तर कुटुंबीयांना आधी विचारावे.

मग शनिवारी काय करावे? आपल्या आराखड्यात मला एक उणीव जाणवते. मराठवाड्यात निजामाच्या काळात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, आणि जुन्या पिढीतील पुष्कळ मराठी घरांतही उर्दू वाचता येणारी माणसे होती. उर्दू रहस्यकथाकार इब्ने सफी (१९२८–१९८०) यांची ‘जासूसी दुनिया’ ही कादंबरीमाला १९५२ मध्ये अलाहाबादहून सुरू झाली. ती ज्यांनी वाचली, असे वाचक आपल्या गावात शोधून अर्नाळकरांच्या वाचकांशेजारी बसवावेत. पुण्या-मुंबईच्या संयोजकांना हे सत्र सहज जमणार नाही. सत्यजित राय यांनी एका कादंबरीत आपल्या फेलूदा या गुप्तहेराला मूर्तिचोरांच्या मागावर वेरूळला आणले आहे. त्या कादंबरीतील वेरूळचा उतारा मराठीत वाचून त्याला जोडून लेण्यांतील मूर्तींच्या चोरीवर पुरातत्त्व अभ्यासकाला बोलते करता येईल. रहस्यकथा साहित्यात मोडते की नाही, या जुन्या वादावर मात्र परिसंवाद ठेवू नये. तो नेहमी लांबतो आणि चहाची वेळ खातो.