मराठीत एम.ए. झालं आहे. घरी बसून पुस्तकांचं संपादन करत घर चालेल का? आणि एआयमुळे हे काम किती दिवस टिकेल?

काम मिळेल. नुसत्या त्यावर घर चालेल का, हे घरात दुसरा पगार आहे की नाही त्यावर आहे. माझ्याकडे आहे, म्हणून मी १४ वर्षं टिकले.

शुद्धलेखन तुम्हाला येतं असं धरते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १९६२चे १४ आणि १९७२चे ४ नियम पाठ असले म्हणून कोणी संपादक होत नाही. प्रकाशकाला मात्र संपादन आणि प्रुफं (छपाईआधीच्या पानांतल्या चुका काढणं) एकच वाटतात, कारण वेगळी म्हटली की दर वेगळा द्यावा लागतो.

२०१९ साली पुण्यातल्या एका प्रकाशकानं (नाव घेत नाही) एका निवृत्त वनाधिकाऱ्याचं आत्मकथन माझ्याकडे दिलं. २२ फर्मे, म्हणजे ३५२ पानं. पानाला ६० रुपये ठरले, तेही तोंडी. दोन प्रकरणं मी काढायला लावली, बदल्यांचा क्रम लावून दिला. एक वाघीण तीन प्रकरणांत तीन वेगवेगळ्या साली मेली होती, ती एकदाच मारली. याला मी संपादन म्हणते.

मजकूर मुळात श्रीलिपी या जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरमधला. तो युनिकोडमध्ये नेताना सगळ्या 'ऱ्या'चं 'र्या' झालं. 'सह्याद्रीच्या दऱ्या' होत्या, तिथे 'सह्याद्रीच्या दर्या' आला, म्हणजे डोंगरात समुद्रच. 'दुसर्या', 'पायर्या', 'अधिकार्यांनी'... दुसऱ्या प्रुफावर मी एकूण एक जागा लाल शाईनं दुरुस्त केली. सातशेच्या वर भरल्या. अक्षरजुळणीच्या ऑपरेटरला त्या एकेक भरायचा कंटाळा आला असणार. त्यानं 'र्या'च्या जागी 'ऱ्या' टाकून सरसकट 'रिप्लेस ऑल' मारलं. तिसरं प्रुफ मला दाखवलंच नाही, प्रकाशन समारंभाची तारीख ठरली होती ना!

पुस्तक छापून आलं त्यात 'काऱ्यालय', 'मऱ्यादा', 'सूऱ्यास्त' आणि 'पऱ्यावरण'. वनखात्यात जन्म काढलेल्या माणसाच्या पुस्तकात पर्यावरण किती वेळा येत असेल, तुम्हीच बघा. आणि आत, आयएसबीएनच्या वर, 'मुद्रितशोधन' म्हणून माझं नाव. एरवी नाव टाका म्हणून मागे लागावं लागतं.

लेखकाचा फोन आला. वय ७८. नातेवाइकांना द्यायच्या ५० प्रती पुढ्यात घेऊन ते चुकीच्या अक्षरावर पांढरी शाई लावून हातानं रफार देत बसले होते. एवढंच म्हणाले, "बाई, हे तुम्ही केलंत?" मी लाल शाईच्या प्रुफाचे फोटो काढून ठेवले होते, तेच त्यांना पाठवले. त्यावर प्रकाशक माझ्यावरच चिडले, लेखकाशी परस्पर बोललातच कशा म्हणून. मी आजही म्हणते, बोलायचं! पुस्तक लेखकाचं आहे. संपादकाला लेखकापासून लांब ठेवायचं आणि चूक निघाली की त्याच्याच अंगावर घालायची, ही पद्धत बंद व्हायला हवी. त्या दिवशी प्रकाशकांच्या टेबलासमोर मला हे नीट बोलता आलं नव्हतं, म्हणून इथे लिहितेय.

तेव्हा काम घेताना ईमेलवर तीन गोष्टी लिहून घ्या: दर, अर्धे पैसे आधी, आणि अंतिम पीडीएफ मी पाहून 'छापा' म्हटल्याशिवाय फाइल छपाईला जाणार नाही. त्यानंतर कोणी एक कानाही बदलला तर माझं नाव काढायचं. काही प्रकाशकांना हे जड जातं. जाऊ द्या.

एआयचं म्हणाल, तर काम थांबलेलं नाही, पण त्याची जात बदललीय. हल्ली 'फक्त नजर फिरवा' म्हणून जे अनुवाद येतात त्यातले पुष्कळ यंत्रातून काढलेले असतात. 'तिने तिचे डोके हलवले' असं वाक्य दिसलं की समजायचं. मराठीत बाई मान हलवते, आणि ती स्वतःचीच असते, हे सांगावं लागत नाही. असं पान अक्षरशः पुन्हा लिहावं लागतं आणि दर मात्र प्रुफाचा सांगतात. नमुन्याची दहा पानं वाचल्याशिवाय हो म्हणू नका. आवृत्त्याही आता बऱ्याचदा हजाराच्या निघत नाहीत, तीनशे प्रती डिजिटल छपाईवर काढतात, त्यामुळे संपादनाला पैसे काढताना हात आणखी आखडतो.

वरचा दर माझा आणि तेव्हाचा आहे. सुरुवातीला इतका मिळणार नाही. पाठ्यपुस्तकं, कंपन्यांचे अहवाल यांचा हिशेब वेगळा असतो, आणि खरं सांगायचं तर घर त्यावरच चालतं. सगळे प्रकाशक असे नसतात, दोघांकडे मी दहा वर्षं काम करतेय आणि पैसे महिन्याच्या आत येतात. टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापला म्हणतात, तो भरलाय का ते आयकराच्या साइटवर बघत जा.

त्या पुस्तकाचे अर्धे पैसे आले होते. उरलेले १०,५६० 'दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी बघू' म्हणाले होते. दुसरी आवृत्ती गेल्या वर्षी निघाली, 'पऱ्यावरण'सकट.