वाचक विचारतात : मागच्या आयुष्याची उधारी

गेल्या अंकात जुन्या रोल-प्लेइंग गेम्सबद्दल (ज्या संगणक-खेळांत आपण एका पात्राची भूमिका घेऊन कथा पुढे नेतो) लिहिताना मी ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ला सगळ्यांत वर ठेवलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. काहींनी मनापासून दाद दिली, काही चिडलेत. त्यातली काही इथे घेते आहे. ज्यांचा गेम अजून संपलेला नाही त्यांनी तिसरं आणि चौथं उत्तर तूर्तास बाजूला ठेवावं, त्यांत कथेतली गुपितं फुटली आहेत.

प्रश्न : तुमचं वाचून गेम घेतला. नुसतं वाचत बसायचं आणि मधूनमधून कंटाळवाणी मारामारी. लोकांनी याला एवढं डोक्यावर का घेतलंय? (सांगली)

मारामारीबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. ‘बाल्डर्स गेट’ या दुसऱ्या रोल-प्लेइंग गेमसाठी बायोवेअर कंपनीने जे इंजिन, म्हणजे खेळ चालवणारी मूळ यंत्रणा, बनवलं, तेच ब्लॅक आइल स्टुडिओजने इथे वापरलं आणि १९९९च्या डिसेंबरमध्ये हा गेम आला. पण ‘बाल्डर्स गेट’मध्ये प्रत्येक लढाईला डोकं चालवावं लागतं. इथे बहुतेक वेळा माणसं अंगावर येतात आणि आपण क्लिक करत राहतो. पुढे कर्स्ट गावाखालचा तुरुंग लागेल. तिथे पहारेकऱ्यांशी झुंजत बसू नका, सरळ पळत सुटा. मी तेच करते.

मला विचारायचंय ते वेगळंच. सुरुवातीला गुण कुठे टाकलेत? सहाही गुण ९ वर असतात आणि वाटायला २१ मिळतात. तुमच्या पत्रावरून वाटतं की ताकद आणि काटकपणा यांवर भर दिलाय. तसं केलंत तर या गेमचा निम्मा भाग तुमच्यापुरता बंदच राहतो. नायक पुन्हा पुन्हा मरून उठतो आणि मागच्या आयुष्यांची त्याची स्मृती गेलेली आहे. ती परत येते ती मुख्यतः बोलता बोलता, आणि समोरच्याला काय विचारावं हे त्याला सुचतं ते शहाणपण आणि बुद्धी यांच्या जोरावर. दोन्ही १८ वर न्या, उरलेले ३ व्यक्तिमत्त्वाला द्या, आणि पुन्हा शवागारातल्या त्या दगडी ओट्यापासून सुरुवात करा. तीच माणसं वेगळं बोलायला लागतील. इथे संवादच खेळाचा पट आहे. शेवटच्या शत्रूलासुद्धा एकही वार न करता, निव्वळ बोलून, वाटेवर आणता येतं. एवढं करूनही वाचायचा कंटाळा आला, तर हा गेम तुमच्यासाठी नाही असं म्हणून खुशाल सोडा. त्यात काहीच कमीपणा नाही.

प्रश्न : माझं इंग्रजी बेताचं आहे. शिवाय घरी फक्त मोबाइल. जमेल का? (परभणी)

मोबाइलवर जमेल. २०१७ साली बीमडॉग कंपनीने सुधारित आवृत्ती काढली, ती फोनवरही चालते. टॅबलेट मिळाला तर मात्र तोच घ्या, अक्षरं बारीक असतात. इंग्रजीचं म्हणाल, तर पहिले दोन-तीन तास जड जातील. गेम जिथे सुरू होतो त्या सिगिल शहरातल्या लोकांची स्वतःची गल्लीतली बोली आहे. ‘बर्क’, ‘कटर’ असल्या शब्दांपाशी अडलात तरी शब्दकोश उघडू नका. बर्क म्हणजे बावळट, कटर म्हणजे जिगरबाज गडी, आणि बाकीचे चार लोकांशी बोललात की आपोआप कळतात. नायकाची रोजनिशी मात्र नेमाने वाचा. कोणी काय काम सांगितलं हे तिथे थोडक्यात सापडतं.

प्रश्न : डॅकॉनला सोबत घेतलंय, पण तो तोंडच उघडत नाही. त्याला फक्त लढाईपुरता ठेवावा का? (नाशिक)

अजिबात नको! माझ्या मते अख्ख्या गेममध्ये सगळ्यांत मोलाचं काही असेल, तर ते डॅकॉनकडे आहे, आणि पुष्कळ खेळाडू ते न पाहताच पुढे जातात.

त्याच्याजवळ दगडाची एक गोल चकती आहे, झर्थिमॉनचं वर्तुळ. त्याला त्याबद्दल विचारा आणि शिकव म्हणा. चकतीची एकेक कडी फिरवून उघडायची, आतला मजकूर वाचायचा, मग त्यातून काय कळलं ते डॅकॉनला सांगायचं. उत्तर पटलं तरच तो पुढची कडी उघडू देतो. मजकूर त्याच्या लोकांच्या इतिहासाचा आहे. इलिथिड या दुसऱ्यांच्या मनावर ताबा मिळवणाऱ्या राक्षसांच्या गुलामगिरीतून गिथ नावाच्या बंडखोर स्त्रीने त्यांना सोडवलं, आणि स्वातंत्र्य मिळाल्या क्षणी झर्थिमॉन तिच्याविरुद्ध उभा राहिला. युद्ध आता पुरे, असं त्याचं म्हणणं. एक लोक होते, त्यांचे दोन झाले.

डॅकॉन हा त्या श्रद्धेचा मोठा जाणकार. पण झर्थिमॉनचं मन इलिथिडांच्या ताब्यातून खरंच मोकळं होतं का, ही शंका त्याला खाते आहे. त्याची तलवार लिंबोमधल्या, म्हणजे सतत बदलत्या गोंधळाच्या जगातल्या, धातूची आहे आणि मालकाच्या मनासारखी बदलते. मन डळमळलं की धार जाते. आता कड्या उघडत उघडत एक वेळ अशी येते, की डॅकॉन जिथवर पोचला होता त्याच्या पुढची कडी तुम्ही उघडता. गुरू ऐकतो आणि शिष्य सांगतो. त्याच्या शंकेला तुम्ही उत्तर देऊ शकलात, तर त्याची तलवारही बदललेली दिसेल.

आता गुपित. ते वर्तुळ त्याला दिलं कोणी? तुम्हीच, मागच्या एका आयुष्यात. डॅकॉन लिंबोत मरणाच्या दारात होता, तेव्हा नायकाने ते त्याच्या हातात ठेवलं. त्या बदल्यात डॅकॉनने शपथ घेतली, ‘तू मरेपर्यंत तुझी सेवा करीन.’ नायकाला मरण नाही, म्हणजे ही शपथ कधीच फिटायची नाही. आणि वाचवलं ते दयेपोटी नव्हे, त्या तलवारीसाठी. हे कळल्यावर त्याचं मुकेपण तुम्हाला वेगळंच ऐकू येईल.

प्रश्न : सगळे नायकाला ‘बिचारा’ म्हणतात. डियोनाराला त्याने वापरून फेकलं, आणि गेमने तिला झुरणारं भूत करून ठेवलंय. याला थोर लेखन का म्हणायचं? (डोंबिवली)

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्हाला आलेली चीड अगदी योग्य आहे, आणि गेमलाही तीच चीड यायला हवी आहे असं मला ठामपणे वाटतं.

सिगिलमधल्या फेस्टहॉलमध्ये अनुभव साठवलेले दगड आहेत, त्यातला एक तिचा. तो हातात घेतला की नायक तिच्या मनात शिरतो. तिच्या डोळ्यांनी तो स्वतःला पाहतो आणि तिचं ओथंबलेलं प्रेम त्याला स्वतःच्या छातीत जाणवतं. त्याच वेळी, समोर उभं राहून गोड बोलताना आपल्या मनात काय चाललं होतं हेही त्याला आठवतं. थंड डोक्याचा हिशेब. हिचा उपयोग कुठे होईल, एवढाच. पुढे कळतं, की ‘पश्चात्तापाच्या किल्ल्या’त तिला मुद्दाम मरू दिलं, कारण तिथे आपलं एक भूत असलेलं त्याला सोयीचं होतं. त्या दगडापाशी मला ‘बिचारा’ हा शब्द सुचत नाही.

आणि तो दर वेळी मरून उठतो, तेव्हा त्याच्या जागी दुसरंच कोणीतरी मेलेलं असतं. पाठलाग करणाऱ्या सावल्या त्यांच्याच. खेळताना आपण बेफिकीरपणे मरतो, कारण पुन्हा उठणार हे माहीत असतं. तो हिशेब शेवटी आपल्यापुढे ठेवला जातो. प्रमुख लेखक ख्रिस अव्हेलोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं मोठेपण मी इथे मानते.

एका बाबतीत मात्र तुमच्या बाजूने आहे. डियोनाराला त्याच्याशिवाय दुसरं काही नाही. तिच्या वडिलांची, तिच्या आधीच्या आयुष्याची जेमतेम झलक मिळते. डॅकॉनला एक अख्खा धर्म दिला, एक इतिहास दिला. तिला त्यातलं थोडंसं तरी द्यायला हवं होतं. फॉल-फ्रॉम-ग्रेस या दुसऱ्या सोबतिणीमुळे ही उणीव थोडी भरून निघते. ती कोणासाठी झुरत नाही, आणि तिचे प्रश्न नायकाला अडचणीत टाकतात.

प्रश्न : सिगिल सोडल्यावर गेम घाईत गुंडाळल्यासारखा वाटतो. तुमचं मत? आणि यानंतर काय खेळू? (बेळगाव)

घाई जाणवते, हे मान्य. रॅव्हल या चेटकिणीच्या चक्रव्यूहापर्यंत प्रत्येक गल्लीत कोणी ना कोणी भेटतं. नंतर लढाया वाढतात, माणसं विरळ होतात. शेवटचा किल्ला मात्र पुन्हा भरगच्च आहे, तिथे नायकाला स्वतःच्याच जुन्या रूपांशी बोलावं लागतं. त्यामुळे मधला टप्पा नेटाने पार करा.

पुढचं म्हणाल तर ‘टॉर्मेंट: टाइड्स ऑफ न्यूमनेरा’ हा २०१७चा गेम चाहत्यांच्या वर्गणीतून उभा राहिला. लेखन चांगलं आहे, सोबती तितके जिवाला लागत नाहीत. त्याआधी २०१९चा ‘डिस्को एलिझियम’ खेळा. त्यातही स्मृती गेलेला माणूस आहे आणि निरनिराळ्या लढायांचे वेगळे पडदे तर काढूनच टाकलेत, सगळं संवादातच घडतं. सांगलीच्या वाचकांनीही हा करून पाहायला हरकत नाही.