नववीतली मुलगी, सिएटल आणि पोस्टरसमोरचा दीड तास

तुमचा प्रश्न परवा रात्री वाचला आणि दोन दिवस डोक्यातून गेला नाही. मिस्टरांना एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा मिळालाय, पुढच्या जूनमध्ये ठाण्याहून सिएटलला यायचं आहे, मुलगी आत्ता नववीत, तिला विज्ञानाची मनापासून आवड. "तिकडे म्हणे पदवीच्या मुलांनाही खरं संशोधन करायला मिळतं, विद्यापीठात सगळ्यांसमोर मांडायला मिळतं. एवढ्यासाठी तिला इथून हलवावं का?" असं तुम्ही विचारलंय. फी, भाडी, कुठल्या भागात राहायचं हे सगळं तुम्हाला कुठेही मिळेल, ते मी लिहीत नाही. माझ्या मुलीचं काय झालं तेवढं लिहिते.

हो, मिळतं. इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात दर मे महिन्यात पदवीच्या विद्यार्थ्यांचं रिसर्च सिम्पोजियम होतं. हजाराहून जास्त मुलं आपापलं काम मांडतात, कोणी पोस्टर लावून, कोणी वर्गात उभं राहून. आपल्याकडेही २००६ पासून आविष्कार ही विद्यापीठांची संशोधन स्पर्धा आहेच. सांगलीत मी रसायनशास्त्र शिकवायचे, नऊ वर्षं, तासिका तत्त्वावर, आणि दोनदा माझ्या बी.एस्सी.च्या मुलांना आविष्कारला घेऊन गेले होते. रात्री जागून त्यांचे तक्ते तपासले होते. हे आत्ता सांगून ठेवते, पुढे त्याचा संबंध येईल.

फरक असा की इथे मे महिन्यात पोस्टरसमोर उभं राहायच्या त्या दीड तासामागे वर्ष-दोन वर्षं प्रयोगशाळेत घालवलेली असतात. आणि प्रयोगशाळेत शिरायचं कसं, हे मुलांना कोणी हाताला धरून सांगत नाही. प्राध्यापकांना ईमेल लिहायच्या. माझ्या मुलीने दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला एकवीस लिहिल्या, चार उत्तरं आली, एका ठिकाणी बोलावलं. "मला विज्ञानाची लहानपणापासून आवड आहे" असं लिहिलेल्या सगळ्या वाया गेल्या. जी लागली, तिच्यात तिने त्यांच्याच शोधनिबंधातल्या एका आलेखाबद्दल सरळ प्रश्न विचारला होता. तुमच्या मुलीला ही सवय आत्तापासून लावा, म्हणजे पुस्तकातला आलेख बघून "असं का?" म्हणायची. आणि प्राध्यापक कितीही मोठे असोत, रोज शिकवणारी माणसं पीएचडी करणारी मुलंच असतात. त्यांच्याशी जमलं की निम्मं काम झालं.

पहिले सहा महिने तिने बाटल्या धुतल्या. काचेच्याच बाटल्या, मेथॅनॉलने, कारण ते जे मोजत होते ते रसायन प्लास्टिकला आणि रबराला चिकटतं. वर्षभर क्रेडिट मिळत होतं, पगार नव्हता, घेताही आला नसता. एच-४ वर, म्हणजे आई-वडिलांच्या व्हिसामागे मिळालेल्या व्हिसावर असलेल्या मुलाने शिकायचं, कमवायचं नाही. मी एकदा जेवताना म्हणाले, "बाटल्या धुवायला सातासमुद्रापार आलो का आपण?" ती काही बोलली नाही. ताट उचलून आत गेली.

काम काय होतं ते सांगते. इथल्या ओढ्यांत पावसाळ्याच्या तोंडावर कोहो सॅमन जातीचे मासे समुद्रातून अंडी घालायला परत येतात. पाऊस झाला की ते वेड्यासारखे गोल फिरायचे आणि काही तासांत मरायचे, माद्या पोटातली अंडी तशीच घेऊन. कित्येक वर्षं कारण कळत नव्हतं. डिसेंबर २०२० मध्ये इथल्याच संशोधकांनी ते 'सायन्स'मध्ये छापलं. टायरच्या रबराला ओझोनने तडे जाऊ नयेत म्हणून त्यात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. तेच ओझोनशी संयोग पावून ६पीपीडी-क्विनोन होतं आणि पावसाबरोबर रस्त्यावरून ओढ्यात उतरतं. एका लिटरमध्ये शंभर नॅनोग्रॅमच्या आसपास असलं तरी कोहोला पुरतं. मुलीच्या गटाला बघायचं होतं की पाऊस सुरू झाल्यापासून कितव्या तासाला ते पाण्यात सगळ्यात जास्त असतं.

म्हणजे पाऊस सुरू होईल तेव्हा जायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये रात्री पावणेतीनला तिचा फोन वाजला आणि ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. गाडी मी चालवली, रेडमंडच्या आमच्या घरून वेस्ट सिएटल, लाँगफेलो ओढ्यापर्यंत. ती आणि ती पीएचडीची मुलगी डोक्याला दिवे बांधून पाण्यात उतरल्या. मी हीटर लावून गाडीत बसले. दर तासाला एक बाटली, पहाटे सातपर्यंत. मी एकदाही खाली उतरले नाही. नऊ वर्षं जिने मुलांना नमुना कसा घ्यायचा ते शिकवलं, ती बाई काच वर करून बसली होती. थंडी होती हे खरं, पण थंडीचं कारण मी स्वतःला पुष्कळ वर्षं दिलंय.

मला तिचा हेवा वाटत होता. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. २०१३ मध्ये आलो तेव्हा मला काम करायची परवानगीच नव्हती. मिळाली २०१७ मध्ये, तोवर मी प्रयोगशाळेचं दारसुद्धा विसरले होते. आता एका दातांच्या दवाखान्यात बिलिंग बघते. एकटेपणाबद्दलही तुम्ही विचारलंय. पहिला हिवाळा जड जातो, गणपतीत मंडळात गेलात की माणसं भेटतात, होतं सगळं. पण तुम्ही स्वतः काय करता हे तुमच्या प्रश्नात कुठेच नव्हतं. मीसुद्धा २०१३ मध्ये असाच प्रश्न लिहिला असता.

आता कागदांचं. मुलीची पासपोर्टवरची जन्मतारीख घ्या आणि त्यात २१ मिळवा. ग्रीन कार्ड हातात आलं नसेल तर बहुतेक मुलांना त्या दिवसापासून तुमच्या व्हिसावर राहता येत नाही. भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून लांब आहे, कारण वर्षाला ठरलेल्या ग्रीन कार्डांपैकी सात टक्क्यांच्या आसपासच एका देशाला मिळतात. तुमची मुलगी येईल तेव्हा पंधराची असेल, म्हणजे हातात सहा वर्षं. एकवीस पूर्ण होतील ती कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात, नेमकं तेव्हा, जेव्हा तिच्या हाताला संशोधनाची सवय लागलेली असेल. उन्हाळ्यात देशभर पगारी संशोधनाच्या जागा असतात, नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशातल्या. त्यांना नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. माझ्या मुलीने तीन अर्ज उघडले आणि तिन्ही पहिल्याच पानावर बंद केले. नियम लिहिलेलाच होता, लपवलेला नव्हता. वाचायला हवा होता मी, तिच्या दहाव्या वर्षी.

तिचा जून २००३ चा जन्म. जानेवारी २०२४ मध्ये आम्ही विद्यार्थी व्हिसाचा अर्ज भरला. एप्रिलमध्ये पत्र आलं, आणखी पुरावे द्या. त्यातला एक असा, की शिक्षण झाल्यावर परत जाण्यासारखं तुमचं मायदेशी काय आहे. दहाव्या वर्षी सांगली सोडलेल्या मुलीला हे विचारत होते. सासऱ्यांनी शेताचा सात-बारा आणि घराच्या मिळकत पत्रिकेचा उतारा पाठवला. त्याचं इंग्रजी मी केलं, रात्री दोनपर्यंत बसून. भोगवटादार, जिरायत, पोटखराबा, सामाईक विहीर. शेजारच्या खोलीत ती पोस्टरचा गोषवारा शेवटचा वाचत होती. दोन्ही कागद एकाच आठवड्यात गेले.

शाळेचंही लिहिते, कारण ते मला अजून टोचतं. प्रवेशाच्या वेळी एक फॉर्म असतो, मूल पहिल्यांदा कुठली भाषा बोललं, घरी काय बोलता. मी अभिमानाने सगळीकडे मराठी लिहिलं. त्यावरून तिची इंग्रजीची परीक्षा घेतली, बुजलेलं पोर होतं, बोललं नाही. मग दीड वर्षं तिला इंग्रजीच्या वेगळ्या वर्गाला काढून नेत होते, आणि ते नेमकं विज्ञानाच्या तासाला. मी दोनदा भेटून सांगितलं की तास तरी बदला. वेळापत्रक बसत नाही म्हणाले. भाषा मराठीच लिहा, खोटं लिहू नका. पण परीक्षेच्या आधी मुलीला सांगून ठेवा की चुकलं तरी बोल, आणि कुठला तास बुडणार ते त्याच दिवशी लेखी विचारून घ्या.

सिम्पोजियमचा दिवस मे महिन्यातला शुक्रवार होता. मी अर्धी रजा घेतली. मेरी गेट्स हॉलमध्ये खालपासून वरपर्यंत पोस्टरं, प्रत्येकाला क्रमांक, आणि नुसता कल्लोळ. इतिहासाच्या पोस्टरशेजारी मेंदूचं, त्याच्या शेजारी कोणाचं नाचावरचं काम. नंबर काढणं नव्हतं, परीक्षक नव्हते, येणारा-जाणारा कोणीही थांबून विचारत होता. तिचं पोस्टर अठ्ठेचाळीस इंच रुंद, पाच आलेख. मी खांबाजवळून बघत होते. एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांना मासेमारीतलं कळत होतं, त्यांच्याशी ती त्या भाषेत बोलली. एक शाळकरी मुलगा आला, त्याला तिने टायरवरून सुरुवात करून सांगितलं. एका प्राध्यापिकेने अडचणीचं काहीतरी विचारलं, तेव्हा ती थोडं थांबली आणि म्हणाली, "हे आम्हाला अजून माहीत नाही." माझ्या आविष्कारच्या मुलांना मी हे वाक्य कधीच म्हणू दिलं नव्हतं. काहीतरी उत्तर द्याच, असं शिकवलं होतं.

मग मी पुढे गेले. ती हसली, आणि मला मराठीतून समजावून सांगायला लागली. "आई, टायरमध्ये ना, एक केमिकल असतं. ते पावसाबरोबर पाण्यात जातं." शाळकरी मुलाला सांगितलं होतं तसंच, किंबहुना त्याहून सोपं. मी ऐकून घेतलं. ६पीपीडी हे डायअमाइन, त्याचं क्विनोन होताना ऑक्सिजन कुठे जाऊन बसतात, हा प्रश्न माझ्या तोंडाशी आला होता. तिची चूक काहीच नव्हती. सांगलीतलं माझं काम मी तिला कधी सांगितलंच नव्हतं, "आई आधी शिकवायची" एवढंच तिला माहीत होतं. मी "छान झालंय गं" म्हणाले, चार फोटो काढले आणि पार्किंगची वेळ संपतेय म्हणून निघाले. पार्किंगला अजून चाळीस मिनिटं होती.

जुलैमध्ये विद्यार्थी व्हिसा मंजूर झाला. २०२५ मध्ये पदवी मिळाली. इथे पुढे नोकरीसाठी पुन्हा एच-१बीच्या सोडतीत नाव घालायचं, पुन्हा वाट बघायची, हे तिला नको होतं. सप्टेंबरपासून ती व्हँकुव्हरला आहे, पाण्याच्याच विषयात पुढचं शिकते. सव्वादोनशे किलोमीटर, मध्ये सीमा. तिच्यासाठी इथे आलो असं आम्ही बारा वर्षं सगळ्यांना सांगत होतो. ती गेली आणि आम्ही इथे आहोत.

यावं की नाही, हे मी सांगू शकत नाही. आलात तर तारखा पहिल्या महिन्यात वकिलाकडून मोजून घ्या, आणि ग्रीन कार्डच्या अर्जाची सुरुवात कंपनी कधी करणार हे निघायच्या आधी लेखी मागा, आल्यावर नाही. मुलगी रात्री ओढ्यावर गेली तर गाडीतून खाली उतरा. तिच्या पोस्टरपाशी पहिल्या दहा मिनिटांत जा, गर्दी व्हायच्या आत, आणि खरा प्रश्न विचारा.

तुमचा प्रश्न वाचल्यावर मी त्या दिवशीचे फोटो उघडले, मोठे करून वाचले. दीड वर्षात पहिल्यांदाच. तिसऱ्या आलेखात पहाटे पाचचा ठिपका नाही. चारचा आहे, सहाचा आहे. त्या रात्री पाच वाजता ती पाण्यात उतरलेली मी काचेतून पाहिली होती, म्हणजे बाटली भरली होती. तो नमुना का गाळला, हे रविवारी फोनवर तिला विचारणार आहे.